स्टेनलेस स्टीलवर काळा मुलामा: निकेल स्ट्राइकपासून काळ्या निकेलपर्यंत

साधं लोखंड काळं करायला बाजारात मिळणारं एका बाटलीतलं रसायन पुरतं. फडक्याने लावलं, मिनिटभर थांबलं, धुतलं, तेल लावलं की झालं. तीच बाटली स्टेनलेस स्टीलवर वापरली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. झालाच तर तपकिरी-करडा डाग पडतो आणि अंगठ्याने चोळताच तो अंगठ्यावर येतो. यात बाटलीचा दोष नाही. ही रसायनं लोखंडाचा थोडा अंश विरघळवतात आणि त्या जागी तांबं-सेलेनियमचं काळं संयुग बसवतात. म्हणजे लोखंड विरघळायला मोकळं हवं. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्या क्रोमियमच्या ऑक्साइडचा अवघा १ ते ३ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा संपूर्ण पृष्ठभाग झाकून बसलेला असतो. स्टेनलेस गंजत नाही ते या पापुद्र्यामुळे, आणि त्यावर दुसरा धातू चिकटत नाही तोही याच्यामुळेच.

म्हणून काळा थर कोणता द्यायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की पापुद्रा काढायचा कसा आणि तो परत धरायच्या आत त्या जागी निकेल बसवायचं कसं. हवा किंवा पाणी लागताच तो क्षणात पुन्हा धरू लागतो. मुलामा सुटून आला अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा काळ्या बाथची (मुलामा देणाऱ्या द्रावणाच्या टाकीची) कृती बिनचूक असते आणि चूक त्याच्या दोन टाक्या आधी झालेली असते.

कोणता काळा कुठे

घड्याळाचा पट्टा, दागिने, नळ, दाराचे मुठे अशा सतत हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी पीव्हीडी हा सर्वांत टिकाऊ पर्याय आहे. यात निर्वात कक्षात टायटॅनियम किंवा क्रोमियमच्या नायट्राइड-कार्बाइडचा, नाहीतर हिऱ्यासारख्या कार्बनचा थर बसवतात. हे काम कारखान्यातच होतं. सजावटीचा थर साधारण ०.३ ते ३ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा वर दिसतो: आरशासारखं पॉलिश असेल तर चकचकीत काळा, ब्रश फिनिश असेल तर रेघांचा काळा. ओरखडा झाकला जाईल या भरवशावर जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, पाठवू नये. शिवाय थर कितीही कठीण असला तरी खालचं ३०४ (स्टेनलेसचा नेहमीचा ग्रेड) मऊच असतं, म्हणून जोराचा ठोका बसला की थरासकट खळगा पडतो.

काळं क्रोम दिसायला सुंदर, झीज आणि उष्णता दोन्ही सोसणारं. पण पारंपरिक बाथ क्रोमिक ॲसिडचा, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचा. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे, म्हणून ते काम परवानाधारक प्लेटिंग कारखान्याकडेच द्यावं. स्टेनलेससाठीचं ब्लॅक ऑक्साइडही कारखान्याकडेच द्यायचं काम आहे. अमेरिकेच्या एमआयएल-डीटीएल-१३९२४ या मानकात साध्या लोखंडासाठी वर्ग १ आहे आणि गंजरोधक पोलादांसाठी २, ३ आणि ४ हे वेगळे वर्ग आहेत. ३०४, ३१६ ज्यात येतात त्या ३०० मालिकेसाठी वर्ग ४. काम देताना नुसतं ‘ब्लॅक ऑक्साइड करा’ न म्हणता ग्रेड आणि वर्ग दोन्ही सांगावं. ऑक्साइडने माप जवळजवळ बदलत नाही, म्हणून बारीक आट्यांच्या भागांसाठी तो चांगला.

तापवून काळं करण्याचा मोह अनेकांना होतो. ३०४ हवेत तापवलं की सुमारे २९० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, ३९० ला तपकिरी, ४५० ला गडद जांभळा, ५४० ला निळा आणि ६०० ला गडद निळा रंग येतो. खरा काळा येतच नाही. तेलात बुडवून तापवलं तर जो काळा दिसतो तो जळालेल्या तेलाचा थर असतो. शिवाय या रंगाखालच्या धातूत क्रोमियम कमी झालेलं असतं, त्यामुळे ओलाव्यात तोच भाग आधी गंजतो. शोभेच्या, कोरड्या जागेतल्या वस्तूसाठी ठीक, बाहेर लावायच्या वस्तूसाठी नाही.

काळं निकेल हा छोट्या वर्कशॉपमध्ये नीट जमणारा मार्ग. रंग किंचित उबदार, जरा धुरकट काळा. थर पातळ आणि नाजूक असतो, म्हणून वर लॅकर लागतोच. दिव्यांचे भाग, नावाच्या पाट्या, उपकरणांच्या डायल, फर्निचरचं सजावटी सामान यांना शोभतो. पुढची सगळी कृती याच मार्गाची आहे, आणि तिचा पहिला अर्धा भाग स्टेनलेसवर कुठलंही प्लेटिंग करायचं असलं तरी तसाच लागतो. अन्न किंवा पाणी लागणाऱ्या भांड्यांवर आणि कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूंवर मात्र हे काम करू नये. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते.

ग्रेड आधी ओळखा

३०४ आणि ३१६ सर्वांत सोपे. ३०३ कातकामाला सोपं जावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं. ॲसिडमध्ये ते गंधकाचे कण आधी खाल्ले जातात, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि काजळीसारखा थर येतो. ३०३ असेल तर ॲसिडमधला वेळ निम्म्यावर आणावा. ४२०, ४४० यांसारखी कडक केलेली पोलादं, म्हणजे सुऱ्या, स्प्रिंग, शाफ्ट, यांत ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. अशा भागांना लॅकर लावण्याआधी, प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत, सुमारे १९० ते २२० अंशांवर किमान ४ तास भट्टीत ठेवावं लागतं. भार घेणारा, तुटला तर इजा करणारा भाग असेल तर तो घरच्या टाकीत घालूच नये.

लोहचुंबकाने अंदाज येतो, पण पूर्ण भरवसा नको. ३०४ चिकटत नाही हे खरं असलं तरी वाकवलेल्या किंवा ओढून काढलेल्या ३०४ ला चुंबक थोडा धरतो.

सामान

उदाहरणासाठी १०० मिलिमीटर × ५० मिलिमीटरची पट्टी घेऊ. दोन्ही बाजू मिळून तिचं क्षेत्रफळ १०,००० चौरस मिलिमीटर, म्हणजे नेमकं १ चौरस डेसिमीटर. पुढे जिथे चौरस डेसिमीटरला अमुक ॲम्पियर असं येईल तिथे या पट्टीला तेवढेच ॲम्पियर द्यायचे. तुमचा जॉब वेगळा असेल तर आधी क्षेत्रफळ काढा, भोकांच्या आतल्या भिंती आणि कडाही मोजा. क्षेत्रफळ न मोजता रंगावरून करंट लावणं ही काळ्या निकेलमधली सर्वांत महाग चूक ठरते.

पॉवर सप्लाय ० ते १२ व्होल्ट, १० ॲम्पियरपर्यंतचा, स्थिर करंट देणारा आणि ०.०१ ॲम्पियरपर्यंत आकडा दाखवणारा हवा. स्ट्राइकला, म्हणजे स्टेनलेसवर धरणाऱ्या पहिल्या पातळ निकेल थराला, ४ ॲम्पियर लागतात आणि काळ्या निकेलला ०.१५. हा फरक मोठा आहे, आणि जाडजूड रेक्टिफायरवर ०.१५ नीट लावता येत नाही. टाक्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा काचेच्या. प्रत्येक बाथसाठी वेगळी शुद्ध निकेलची ॲनोड पट्टी (धन टोकाला लावायची), क्षेत्रफळ निदान जॉबइतकं. जॉब टांगायला निकेलची तार, नाहीतर वरून प्लास्टिकची नळी चढवलेली तांब्याची तार, म्हणजे उघडं तांबं ॲसिडमध्ये उतरत नाही. सगळे बाथ डिस्टिल्ड पाण्यात बनवावेत. पीएच (द्रावणाची आम्लता) मोजणारा मीटर असावा. कागदी पट्टीवर ५.६ आणि ५.९ मधला फरक ओळखणं कठीण.

सुरक्षेची तयारी कामाइतकीच महत्त्वाची आहे. निकेलचे क्षार श्वासातून जाणं घातक आहे आणि कातडीला त्यांची ॲलर्जी कायमची जडू शकते. लांब नायट्राइल हातमोजे, पूर्ण बंद चष्मा, ॲप्रन आणि टाकीवरची हवा बाहेर ओढणारा पंखा यांशिवाय सुरुवात करू नका. पावडर मोजताना कणरोधक मास्क लावा. ॲसिड नेहमी पाण्यात घालावं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडजवळ ब्लीचिंगचं द्रावण ठेवू नये, दोघांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. थायोसायनेटचा बाथ जोरदार ॲसिडपासून आणि नायट्रिकसारख्या ऑक्सिडायझरपासून लांब ठेवावा.

बाथ बनवणं

तीनही मापं १ लिटरसाठी आहेत.

निकेल स्ट्राइक, प्लेटिंगवाल्यांच्या भाषेत ‘वुड्स स्ट्राइक’: निकेल क्लोराइड २४० ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड १२५ मिलिलिटर. क्लोराइड ७०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या, मग ॲसिड हळूहळू घाला आणि पाण्याने १ लिटर करा. रंग स्वच्छ, पारदर्शक हिरवा दिसला पाहिजे. बाथ साध्या तापमानावरच वापरायचा.

निकेलचा मूळ थर, वॉट्स बाथ: निकेल सल्फेट २८० ग्रॅम, निकेल क्लोराइड ५० ग्रॅम, बोरिक ॲसिड ४० ग्रॅम. बोरिक ॲसिड गार पाण्यात बसून राहतं, म्हणून ते वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून घालावं. पीएच ४ च्या आसपास, तापमान ५० ते ५५ अंश. चकाकी आणणारं द्रव्य घालायचं तर उत्पादकाने दिलेल्या मापातच. जास्त घातल्याने चकाकी वाढत नाही, थर ठिसूळ होतो.

काळं निकेल: निकेल सल्फेट ७५ ग्रॅम, निकेल अमोनियम सल्फेट ४५ ग्रॅम, झिंक सल्फेट ३८ ग्रॅम, सोडियम थायोसायनेट १५ ग्रॅम. थायोसायनेट सर्वांत शेवटी. पीएच ५.६ ते ५.९, तापमान २५ ते ३० अंश. पीएच खाली आणायला पातळ गंधकाम्लाचे थेंब, वर न्यायला पातळ अमोनिया. प्रत्येक वेळी दोन-चार थेंब घालून, ढवळून, मिनिटभर थांबून मगच पुन्हा मोजायचं. इथला काळा रंग शुद्ध निकेलचा नसतो. निकेल, जस्त आणि थायोसायनेटमधून आलेलं गंधक एकत्र बसून तो तयार होतो.

पृष्ठभाग

काळा रंग दोष लपवत नाही, उठवून दाखवतो. वेल्डिंगचा निळा-तपकिरी डाग पूर्ण निघेपर्यंत घासावा. यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिडची पेस्ट मिळते, पण ती फार घातक आहे. छोट्या कामाला फ्लॅप डिस्क आणि मग क्रमाने २४०, ४००, ६०० चे पॉलिश पेपर पुरतात. मॅट काळा हवा असेल तर काचेच्या मण्यांनी किंवा १२० ग्रिटच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करावं. लोखंडी छर्रे किंवा लोखंडी वायर ब्रश कधीही नको. त्यांचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि महिन्याभराने काळ्या थरातून तांबडे ठिपके बाहेर येतात.

बफिंग केलं असेल तर त्याचा साबण खाचांत आणि अक्षरांच्या कोरीवकामात बसलेला असतो. ताजा असताना तो कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशने निघतो. चार दिवस वाळला की दगडासारखा होतो आणि मग त्या जागी हमखास मुलामा सुटतो.

मुख्य कृती

इथून पुढे जॉब वाळू द्यायचा नाही. सगळ्या टाक्या, धुण्याची भांडी आणि करंटचे आकडे आधी मांडून ठेवा, मगच पहिली बुडी.

पहिली पायरी तेलकटपणा काढण्याची. १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २५ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ६० अंशांपर्यंत तापवा. जॉब ५ मिनिटं बुडवा. नंतर त्याच द्रावणात जॉबला ऋण टोक आणि समोर साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला लावून ५ ॲम्पियर १ ते २ मिनिटं द्या. जॉबवर उसळणारे हायड्रोजनचे बुडबुडे तेल उचलून काढतात. टोकं उलटी लावू नका. स्टेनलेस धन टोकाला गेलं तर पापुद्रा जाड होतो आणि पाण्यात षट्संयुजी क्रोमियम उतरू शकतं. हायड्रोजन जळतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा ज्योत नको आणि टाकीतला जॉब करंट बंद करूनच काढायचा.

धुतल्यावर पाण्याची परीक्षा घ्या. जॉब उभा धरा. पाण्याचा पडदा ३० सेकंद अखंड राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. कुठे पडदा फाटून थेंब जमले तर तिथे तेल आहे, पुन्हा पहिल्या पायरीवर जा. ही परीक्षा टाळून कुणाचं काम वाचलेलं नाही.

दुसरी पायरी ॲसिडची. तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पाणी सारख्या मापाने. ३०४, ३१६ साठी १ ते २ मिनिटं. सुरुवातीला काही होताना दिसत नाही. मग कडेला एखादा बुडबुडा सुटतो आणि हळूहळू सगळ्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची साय धरते. त्या क्षणी ॲसिड पापुद्र्याच्या पलीकडे धातूपर्यंत पोचलेलं असतं. बुडबुडे एकसारखे दिसले की १० ते १५ सेकंद थांबून जॉब बाहेर काढा. काळवंडेपर्यंत ठेवू नका.

तिसरी पायरी स्ट्राइक. ॲसिडमधून निघालेला जॉब एकदा झटपट पाण्यातून काढून लगेच वुड्स बाथमध्ये. या दोन टाक्यांमधलं अंतर सेकंदात मोजावं, १० सेकंदांच्या आत. बाथमध्ये आधी ३० सेकंद करंटशिवाय ठेवा, म्हणजे वाटेत जो थोडा पापुद्रा धरला असेल तो बाथमधलं ॲसिड काढून टाकतं. मग ४ ॲम्पियर, ३ मिनिटं. फिकट, किंचित पिवळसर करडा निकेलचा थर दिसू लागतो. काही जण आधी जॉबला अर्धा ते एक मिनिट धन टोक देऊन मग टोकं बदलतात. चिकट पकड मिळते हे खरं, पण दर वेळी थोडं लोखंड आणि क्रोमियम बाथमध्ये उतरतं आणि बाथ लवकर बिघडतो. वरची ॲसिडची पायरी नीट झाली असेल तर त्याची गरज पडत नाही.

स्ट्राइकमध्ये निकेल ॲसिडच्या हजेरीत बसतं, हीच त्याची किमया. साध्या वॉट्स बाथचा पीएच ४. तिथे स्टेनलेस बुडवलं तर निकेल बसायच्या आत पापुद्रा परत येतो. म्हणून वॉट्सने सरळ सुरुवात केली तर थर दिसतो छान आणि नख लावलं की कागदासारखा सोलून निघतो.

चौथी पायरी वॉट्स निकेल. स्ट्राइकनंतर तीन वेगवेगळ्या भांड्यांत धुवा, ओला जॉब लगेच वॉट्स बाथमध्ये, ३ ॲम्पियर. चौरस डेसिमीटरला १ ॲम्पियरने मिनिटाला साधारण ०.२ मायक्रॉन निकेल बसतं, म्हणजे ३ ॲम्पियरने १० मायक्रॉनला सुमारे १७ मिनिटं. मध्येच तार हलवून करंट तोडू नका. निकेलवरही स्वतःचा पापुद्रा धरतो आणि खंड पडल्यानंतरचा थर आधीच्या थरावरून सुटतो. आट्यांचा हिशेब इथेच करावा: ६० अंशांच्या आट्यांत पिच व्यास (आट्यांच्या उंचीच्या मध्यावरचा व्यास) थराच्या जाडीच्या चौपट वाढतो. ५ मायक्रॉनला २० मायक्रॉन. बारीक आटे असतील तर थर पातळ ठेवा, नाहीतर टेपने झाका.

पाचवी पायरी काळ्या निकेलची. पुन्हा तीन वेळा धुणं. इथे हयगय झाली आणि वॉट्स किंवा स्ट्राइकचं ॲसिड काळ्या बाथमध्ये गेलं तर पीएच घसरतो आणि पुढचे सगळे जॉब बिघडतात. करंट ०.१५ ॲम्पियर, वेळ २० ते ३० मिनिटं, बाथ न ढवळता. जॉब टाकीत उतरवताना टोकं आधीच जोडलेली असावीत.

रंग कसा चढतो ते पाहत राहा. पहिल्या काही मिनिटांत पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग तेलाच्या तवंगासारखे निळे-जांभळे पट्टे. इथे घाबरून करंट वाढवण्याची इच्छा होते. वाढवू नका. थर अजून इतका पातळ आहे की त्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतात. जाडी वाढली की ते आपोआप विझतात आणि सगळीकडे सारखा काळा उरतो. त्यानंतरही ५ मिनिटं ठेवा, कारण खाचांमधला रंग कडांच्या मागून येतो.

काढल्यावर गार पाणी, मग गरम पाणी, मग मऊ फडक्याने टिपून कोमट हवा. घासायचं नाही. उघड्या बोटांनी धरायचं नाही, बोटाचा ठसा लॅकरखाली कायमचा राहतो. एका बाजूने बंद असलेली भोकं असतील तर गरम पाण्यात जॉब दोन-तीनदा उलटा-सुलटा करून आतलं द्रावण पूर्ण काढा. नाहीतर ते आठवड्याभराने झिरपून पांढरट ओघळ पाडतं.

सहावी पायरी लॅकरची. त्याच दिवशी पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला तर कडांवरून ओघळतो. दोन भागांचं पॉलियुरेथेन जास्त टिकतं, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे, तिथे योग्य श्वसन मास्क हवाच. फक्त शोभेच्या वस्तूला मायक्रोक्रिस्टलाइन मेणही चालतं.

तांब्याचा मार्ग

०.१५ ॲम्पियर लावता येत नसेल किंवा थायोसायनेट मिळत नसेल तर स्ट्राइकनंतर तांबं बसवून ते काळं करता येतं. १ लिटरला २०० ग्रॅम मोरचूद आणि ६० ग्रॅम तीव्र गंधकाम्ल, म्हणजे सुमारे ३३ मिलिलिटर. समोर तांब्याची ॲनोड, २.५ ॲम्पियर, १८ मिनिटं, साधारण १० मायक्रॉन. स्ट्राइक न करता मोरचुदाच्या बाथमध्ये स्टेनलेस घातलं तर तांब्याचा थर फडक्याने पुसला जातो.

मग लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे पोटॅशियम सल्फाइडचं मिश्रण, १ लिटर कोमट पाण्यात ५ ग्रॅम, तापमान ४० अंश. २० सेकंद बुडवा, धुवा, प्युमिस पावडरने हलकेच घासा, पुन्हा बुडवा. असं चार-पाच वेळा. द्रावण तीव्र करून एकाच बुडीत काळा आणला तर सल्फाइड जाड आणि भुसभुशीत बसतं आणि खपल्या होऊन गळतं. या द्रावणात ॲसिडचा थेंबही जाता कामा नये, विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कोरीव अक्षरांच्या पाट्यांवर हा मार्ग फार खुलतो, कारण उंचवटे घासून तांबं उघडं ठेवता येतं. मात्र खाऱ्या, दमट हवेत ओरखड्याखालचं तांबं हिरवं पडतं.

बिघडलं तर कुठे पाहायचं

मुलामा सोलला तर सोललेल्या तुकड्याखाली काय दिसतं ते भिंगाखाली बघा. खाली मूळ स्टेनलेस असेल, पॉलिशच्या रेघा तशाच दिसत असतील, तर ॲसिड किंवा स्ट्राइक कमी पडलं. खाली करडं निकेल दिसत असेल तर दोन निकेल थरांमध्ये खंड पडला: करंट तुटला, नाहीतर जॉब वाळला. जॉब वाटेत वाळलाच तर पुढे रेटू नका, वुड्स बाथमध्ये १ मिनिट परत द्या. तो निकेलवरचा पापुद्राही काढतो.

कडांवर काळी भुकटी आणि मधे चांगला रंग: करंट जास्त, किंवा ॲनोड फार जवळ. इंद्रधनुषी पट्टे २५ मिनिटांनीही गेले नाहीत: करंट कमी पोचतोय, बहुतेक वेळा हुकाच्या टोकावर. पृष्ठभागावरून बुडबुडे सुटत असतील आणि थर पोपड्यासारखा उठत असेल तर पीएच घसरलेला आहे. खालच्या निकेलमध्ये बारीक टोचल्यासारखी भोकं दिसली तर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून बसले होते. वॉट्स बाथमध्ये ओलं करणारं द्रव्य घाला आणि जॉब हलता ठेवा.

प्रत्येक वेळी जॉबसोबत त्याच ग्रेडची एक पातळ पट्टी टाकीत टांगा. शेवटी तिला ९० अंशांत वाकवा आणि मोडीवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. निकेल उठलं नाही तर जॉबही धरून राहील.

पूर्ण बिघडलेला मुलामा स्टेनलेसवरून काढता येतो, हे या धातूचं मोठं सुख आहे. नायट्रिक ॲसिडमध्ये निकेल आणि तांबं विरघळतं आणि ३०४, ३१६ तसंच राहतं, कारण नायट्रिकमध्ये क्रोमियमचा पापुद्रा आणखी भक्कम होतो. पण त्यातून निघणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड फुप्फुसांत गेला तर त्रास काही तासांनी जाणवतो, तोवर उशीर झालेला असतो. हे काम धूर ओढणारी यंत्रणा असलेल्या प्लेटिंग कारखान्यातूनच करून घ्या. तिथून आलेला जॉब पुन्हा तेलकटपणा काढण्यापासून सुरू करायचा.

थकलेले बाथ आणि धुण्याचं पहिलं पाणी गटारात ओतू नये. वुड्स आणि वॉट्सच्या धुण्याचं पाणी एका पिंपात साठवून त्यात थोडाथोडा धुण्याचा सोडा घालत पीएच ९ ते १० पर्यंत न्या. सोडा घालताना फेस येतो, म्हणून पिंप अर्धंच भरलेलं असावं. दोन दिवसांनी निकेल फिकट हिरवा गाळ होऊन तळाशी बसतं. तो गाळ, वरचं पाणी आणि काळ्या निकेलचा बाथ वेगवेगळ्या, नाव लिहिलेल्या बंद डब्यांत भरून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा. काळ्या बाथमध्ये अमोनिया असतो आणि तो निकेलला धरून ठेवतो, त्यामुळे त्यातलं निकेल सोड्याने पूर्ण खाली बसत नाही. म्हणून तो या पिंपात मिसळू नका.